चावणारा जोडा

नवा जोडा चावतो, असे आपण म्हणतो. म्हणजे गुन्हेगार कोण हे भाषेला बरोबर ठाऊक आहे. आपल्याला नाही. ‘चार दिवस घाल, पाय सरावेल,’ असे सांगणारी वडीलधारी मंडळी घरोघर भेटतात. कुत्रे चावले तर पायानेच कुत्र्याची सवय करून घ्यावी, त्यातलाच हा प्रकार!

आंदर मावळात मी भातलावणीच्या दिवसांत हिंडलो आहे. टाकव्याहून कुसूरच्या घाटाकडे निघावे, तो रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरे, आणि चिखलात वाकून आवणी करणारी माणसे. बांधावर उमटलेले त्यांचे अनवाणी पाऊल वाचकांनी एकदा निरखून पाहावे. टाच अरुंद, पुढचा भाग पंख्यासारखा पसरलेला, अंगठा सरळ समोर. निसरड्या बांधावर तोल सांभाळायचा तर बोटांना पसरायला जागा हवीच.

हे पाऊल कागदावर मांडायला युरोपच्या पंडितांना मात्र फार वेळ लागला. तिकडे सतराव्या-अठराव्या शतकांत उजव्या-डाव्याचा भेद न करताच बूट शिवीत. पेट्रुस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञाने १७८१ साली बुटाच्या उत्तम आकारावर एक प्रबंधच लिहिला. घोड्याबैलांच्या खुरांची चिंता वाहणारे विद्वान माणसाच्या पायाकडे ढुंकून पाहत नाहीत, ही त्याची खंत. पुढे १८५८ मध्ये झुरिचच्या हेर्मान फोन मायरने एक साधी रेघ आखून दाखवली: अंगठ्याच्या मधून मागे नेलेली सरळ रेषा टाचेच्या मध्यातून जायला हवी. निमुळता बूट अंगठा आत ढकलतो, आणि ही रेषा मोडते. मावळातल्या बांधावर ती रेषा रोज उमटत होती, ती गोष्ट वेगळी!

मग असला निमुळता बूट आपण पायात घातला कशासाठी? सुखासाठी नव्हे, मानासाठी. दाराशी जोडे काढण्याची आपली रीत. तीच इंग्रजांनी कचेरीत आपल्यावर उलटवली. साहेबापुढे यायचे तर अनवाणी. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने सवलत दिली, तीही कोणाला? युरोपीय धाटणीचे बूट घालणाऱ्याला! देशी जोडा मात्र बाहेरच. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीतले असेसर माणकजी कावसजी एंटी यांनी न्यायाधीशापुढे जोडे काढायचे साफ नाकारले. त्यांना आत येऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरकडे निषेधाचे पत्र धाडले. जिथे बूट पायात ठेवणे हीच प्रतिष्ठा, तिथे फोडाची तक्रार कोण करणार? ती मुकी सहनशीलता आपल्या लग्नमांडवात अजून नांदते आहे. सूट शिवताना शिंपी चार वेळा माप घेतो, अन् नवरदेवाचे बूट नुसत्या आकड्यावर येतात.

यंदा दिवाळीचे बूट घ्यायचे असतील, तर संध्याकाळी घ्यावेत; दिवसभराच्या वावराने पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पायांत घालून उभे राहावे, चार पावले चालावे. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळीक हवी, टाच निसटता कामा नये. चामडे रुंदीला थोडेफार सैलावते, लांबीला नाही. त्याहून सोपे म्हणजे घरीच कागदावर उभे राहून पावलाची कड पेन्सिलीने काढावी, कागद कापावा आणि दुकानात बुटाच्या तळव्यावर धरावा. कागद बाहेर डोकावला तर तो जोड परत करावा. दुकानदार हसतो. हसू द्यावे.