वाइनचं वर्ष नाशिकचं, ताट भाट्याचं : कोणत्या महिन्यात काय चाखायचं?

रत्नागिरी शहरातून भाट्ये पूल ओलांडला की काजळी नदीची खाडी मागे पडते आणि समोर समुद्र आणि सुरूचं बन लागतं. १९५५ पासून इथं नारळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे इथली हवा नारळाची, वाइनच्या द्राक्षांची नाही. तरी ‘माशाबरोबर व्हाइट, मटणाबरोबर रेड’ हा नियम मोबाइलवर वाचून कुणी बाटली आणतं, तिखट बांगड्यासोबत उघडतं आणि तोंड वाकडं करतं. नियम युरोपातल्या ताटासाठी होता, त्यात ओलं खोबरं, बेडगी मिरची आणि आमसूल नव्हतं.

आधी वाइनचं वर्ष समजून घेऊ. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढतात. नाशिकमध्ये वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठीची, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ऑक्टोबर छाटणी. द्राक्षं हाती येतात ती जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणून आपल्याकडे टेस्टिंगचा खरा हंगाम थंडीचा. सुलाने नाशिकला २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, २००८ पासून सुलाफेस्ट सुरू केला. दारूच्या जाहिरातींवर बंदी असलेल्या देशात बागेत बोलावून चाखायला देणं हीच मोठी जाहिरात आहे, हे टेस्टिंगला जाताना लक्षात असलेलं बरं.

टेस्टिंगमध्ये नेमकं करायचं काय? ग्लास एक तृतीयांशच भरलेला असतो. रंग बघायचा, ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा, मग छोटा घोट तोंडात फिरवायचा. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरणं अजिबात असभ्य नाही. जाणकार हमखास वापरतात. पाच-सहा वाइन गिळल्या तर शेवटच्या दोन कशा होत्या हे कुणालाच सांगता येत नाही. वाइन डिनरमध्ये हेच जेवणासोबत होतं. दर पदार्थाला वेगळी वाइन, तीही थोडीशी.

आता ताटाकडे येऊ.

ऑक्टोबर ते जानेवारी हे मासळीचे दिवस. सुरमई, बांगडा, खाडीतल्या तिसऱ्या. इथं रेड वाइन का बिघडते, याचं उत्तर २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. रेड वाइनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त असेल तर माशातल्या तेलाशी त्याची क्रिया होऊन तोंडात उग्र, शिळ्या मासळीसारखी चव उरते. बांगडा तेलकट, म्हणून तिथं हा त्रास सगळ्यात जास्त जाणवतो. दुसरा शत्रू तिखट. मिरचीचा झणका अल्कोहोलने वाढतो. तेव्हा बांगड्याच्या तिखल्याला कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर, चांगली गार शेनिन ब्लाँ बरी. रवा लावून तळलेल्या सुरमईला मसाला सौम्य असेल तर स्पार्कलिंग वाइन झकास, कारण तिचा आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापतात. तिसऱ्यांचं सुकं, भरपूर ओलं खोबरं घातलेलं, सोविन्यों ब्लाँसोबत चालतं. आमसुलाचा आंबटपणा वाइनपेक्षा जास्त झाला की वाइन पाणचट लागते, म्हणून सोलकढी शेवटी, वाइनचा ग्लास बाजूला ठेवून. सोलकढीला कुणाची जोडी लागत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एक सुंदर योग जुळतो. नाशिकला द्राक्षं उतरत असतात तेव्हाच कोकणात ओले काजूगर येतात. काजूची उसळ मऊ, गोडसर, खोबऱ्याची. वर्षभरातली सर्वात सोपी आणि खात्रीची जोडी हीच, सोबत शेनिन ब्लाँ. मासे न खाणाऱ्यांनी वाइन डिनर करायचं तर याच दिवसांत करावं.

एप्रिल-मे हापूसचे. नियम एकच, वाइन गोड पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती कडवट लागते. पिकलेल्या हापूसपुढे कोरडी व्हाइट टिकत नाही. उशिरा काढलेल्या द्राक्षांची, ‘लेट हार्वेस्ट’ लिहिलेली गोड वाइन घ्यावी. आमरसात साखर घातली असेल तर तीही हरते.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारीवर बंदी. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला. हे दिवस कोंबडी-मटणाचे, म्हणजे शिराझसारख्या रेडचे. पण रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा. तिथं तो १६-१८ अंश असतो, कोकणात त्याच्या कितीतरी वर. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. मग श्रावण येतो, तेव्हा अनेक घरांत हा विषयच नसतो.

उरतो बाटली मिळण्याचा प्रश्न. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने १,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली. सरकारने शेतकऱ्यांच्या फायद्याचं कारण दिलं, विरोधकांनी घराघरात दारू पोहोचेल म्हटलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. २००१ च्या वाइन धोरणानंतर द्राक्षं लावलेल्या अनेकांना २००८-०९ च्या मंदीत मागणी आटल्याचा फटका बसला होता. दुसरीकडे, वाइन हृदयाला चांगली म्हणून रोज घ्यावी हा दावा जागतिक आरोग्य संघटना मान्य करत नाही. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं तिने २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

त्यामुळे रत्नागिरीकरांना आजही परवानाधारक दुकानच गाठावं लागतं. तिथं दोन गोष्टी बघाव्यात. बाटली उन्हात किंवा बल्बखाली महिनोन्महिने उभी आहे का, आणि व्हाइट असेल तर लेबलवर कोणतं साल आहे. साधी व्हाइट वाइन दोन-तीन वर्षांत संपवायची असते. किनाऱ्यावरच्या उकाड्यात ती त्याआधीच उतरते.