मौन आणि संमती

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी उधना सोडून पुढे निघाली, की थोड्याच वेळात चलथाण लागते. सभोवार उसाचे मळे आणि गावात सहकारी साखर कारखाना. पावसाळा सरला, की या मुलखात खानदेशातून व डांगातून तोडणीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते आणि निवारा म्हणजे शिवारातील खोप. त्या खोपीला कडी लागेल असे दार नसते. स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराचा इतिहास या न लागणाऱ्या कडीपासूनच समजून घ्यावा लागतो.

याच सुरत जिल्ह्यात पूर्वी हाली पद्धत होती. दुबळा जमातीतील तरुणाने लग्नासाठी धन्याचे कर्ज काढावे आणि ते फेडण्यात जन्म वेचावा, अशी ती रीत. त्या कर्जाबरोबर त्याची बायकोही धन्याच्या घरी झाडलोट व शेणगोठा करण्यास बांधली जाई. जिची भाकरी, जिचे छप्पर आणि जिच्या नवऱ्याचे ऋण एकाच माणसाच्या मुठीत, तिच्या नकाराला बळ कोठून यावे? वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली. परंतु उचल आणि अवलंबन ही संपली नाहीत.

अत्याचारी पुरुष अंधारातून येणारा कोणी परका असतो, हा समज सोयीचा आहे, खरा नाही. गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदी वर्षानुवर्षे सांगतात, की बलात्काराच्या दहांपैकी नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. सत्ता जेथे, भय तेथे. मग ती सत्ता घरातील असो, शेतावरील असो की चौकीतील.

चौकीतील सत्तेचे उदाहरण महाराष्ट्रात घडले. 26 मार्च 1972 रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, मोलमजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, तेव्हा संमती असावी, असा तर्क झाला. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे सुभाषित येथे शस्त्र बनले.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतील भेद त्यांनी दाखविला. पुढच्या वर्षी देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. 1983 च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कारात, शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरावे, असे ठरले. 2013 मध्ये हे गृहीतक स्त्रीवर वर्चस्व असणाऱ्या इतर माणसांनाही लागू झाले. आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हेही स्पष्ट झाले.

अशा रीतीने कायदा ठाण्याच्या उंबरठ्यावरून खोपीपर्यंत पोहोचला. परंतु साक्ष देण्यासाठी त्या स्त्रीला आधी खोपीतून बाहेर पडता आले पाहिजे. उचल फिटेपर्यंत जिला गावी परतता येत नाही, तिचे मौन अजूनही संमती नव्हे; ते ऋण आहे.