खचलेला रस्ता आणि त्याखालचे पाणी

भर पावसाळ्यात मुळशीकडून ताम्हिणी घाटात जो गेला आहे, त्याला पाणी म्हणजे काय हे मी सांगायला नको. ह्याच पाण्यासाठी टाटांनी मुळशीला धरण बांधले, आणि १९२१ साली सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन तिथे सत्याग्रह केला. तो इतिहास आपल्या परिचयाचा आहे. मी आज सांगणार आहे तो पाण्याचाच, पण लहानसा आणि कुणी न लिहिलेला इतिहास आहे. पाणी रस्त्याखाली शिरले म्हणजे काय होते?

काँक्रीटचा रस्ता दिसतो सलग, पण असतो स्लॅबांचा. साडेचार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड असा एक स्लॅब धरा. वजन अकरा टनांवर जाते. सांध्यातून पाणी खाली मुरते. जड ट्रक कडेवर आला की स्लॅब किंचित वाकतो आणि ते पाणी बारीक माती घेऊन पिचकारीसारखे वर उडते. असे हजारो वेळा झाले की खाली पोकळी होते आणि स्लॅब खचतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अवजड वाहतूक वाढली, तेव्हा इंजिनिअरांनी ह्या प्रकाराचा नीट अभ्यास केला.

खचलेला स्लॅब उचलण्याची युक्ती त्याआधीच निघाली होती. त्याला भोके पाडायची आणि माती-सिमेंटचा पातळ गारा पंपाने खाली दाबायचा. पण गारा जड. कच्ची जमीन त्याच्या भाराने पुन्हा बसते. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन तयार केले. त्याचा फेस ह्या कामी आला. बोटाएवढे भोक पुरते. दोन द्रव नळीच्या तोंडाशी मिसळतात, काही सेकंदांत अनेक पटींनी फुगतात, आणि अकरा टनांचा स्लॅब मिलिमीटर-मिलिमीटरने वर येतो. मी शाळा लवकर सोडलेला माणूस. पहिल्यांदा पाहिले तेव्हा तोंडात बोट घातले!

पण त्या दोन द्रवांपैकी एक आयसोसायनेट असतो. त्याची वाफ छातीत गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे नुसता वास आला तरी माणूस गुदमरतो. एका साइटवर, नाव सांगत नाही, नळी धरणारा पोरगा तोंडाला ओला रुमाल बांधून उभा होता. मुकादम म्हणाला, "साबणासारखा फेस आहे, भाऊ, काय होतंय?" आम्ही मागणी केली ती एवढीच: योग्य मास्क, हातमोजे, चष्मा, आणि कामावर घेताना व पुढे ठराविक मुदतीने छातीची तपासणी. त्यासाठी तीन दिवस काम बंद ठेवावे लागले.

आणखी एक गोष्ट. फेस पोकळी भरतो, पण पाण्याला वाट काढून देत नाही. पूर्वी घाटात मैलकुली असत. मृगाच्या आधी कुदळ-घमेले घेऊन ते कडेचे चर उकरीत, मोऱ्यांतला पालापाचोळा काढीत. हळूहळू ते काम ठेक्यात गेले आणि माणसे कमी झाली.

त्या साइटवर चौथ्या दिवशी मास्क आले. तपासणी एकदाच झाली. मी मुकादमाला रस्त्याकडेचे बुजलेले गटार दाखवले, तर तो म्हणाला, ते आमच्या टेंडरात नाही.