खर्रा न मोजणारा तक्ता

हृदयविकाराचा धोका आकड्यात सांगण्याच्या पद्धतीचे मूळ अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात आहे. 1948 साली तिथल्या 5209 स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला आणि वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान यांवरून पुढच्या दहा वर्षांतला धोका काढणारे सूत्र हाती आले. ते इतरांना लागू पडते का, हे पाहायचे तर सूत्राने वर्तवलेले झटके आणि प्रत्यक्ष आलेले झटके शेजारी मांडावे लागतात. 2001 साली अमेरिकेतच असा ताळा घेतला, तेव्हा गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांत तो जमला. जपानी वंशाच्या पुरुषांत मात्र सूत्राने धोका फुगवला होता. 2003 मध्ये ब्रिटिश पुरुषांबाबतही तेच दिसले. त्यावर उपाय निघाला फेरजुळणीचा: सूत्र तेच, पण त्यात त्या-त्या लोकांमधले आजाराचे खरे प्रमाण घालायचे. जागतिक आरोग्य संघटनेचे 2019 चे तक्ते असेच 21 प्रदेशांसाठी बेतलेले आहेत. वऱ्हाडाच्या वाट्याला त्यातला दक्षिण आशियाचा तक्ता येतो.

पण फेरजुळणीने सरासरी सुधारते, मुळात न विचारलेला प्रश्न त्यात येत नाही. अकोला-अमरावतीच्या पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो. दिवसभर तो चघळणारा, पण बिडी न ओढणारा माणूस तक्त्यात 'धूम्रपान नाही' या रकान्यात बसतो. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाने 2006 मध्ये दाखवले, की नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक असते. कोणी विचारेल, मग खारपाणपट्ट्यातले खारे पाणीही मोजायचे का? माझ्या मते त्याची तितकी गरज नाही. मिठाचा परिणाम मुख्यतः रक्तदाबातून होतो आणि रक्तदाब तक्त्यात आहेच. खर्ऱ्याला तसा आडमार्गानेही पुरेसा रकाना नाही.

काहीच नसण्यापेक्षा हा तक्ता बरा, हे खरेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो कोलेस्टेरॉलच्या तपासणीविनाही वापरता येतो. मात्र त्याची चूक सगळ्यांत सारखी वाटली जात नाही, ती नेमकी खर्रा खाणाऱ्यांच्या वाट्याला येते. झटका आलेल्या रुग्णांना मागाहून असे तक्ते लावून पाहिले, तर कित्येक जण कमी धोक्याचे ठरतात. पण तेवढा पुरावा पुरत नाही, कारण झटका न आलेले त्यात मोजलेच जात नाहीत. निरोगी माणसांपासून सुरुवात करून पुढे वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. तिशीपुढच्यांसाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात गुटखा-खैनीचाही प्रश्न आहे. अकोल्याच्या शासकीय आणि अमरावतीच्या पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाने त्या नोंदींतल्या माणसांचा दहा वर्षे पाठपुरावा करावा, खर्रा खाणाऱ्यांचा ताळा वेगळा मांडावा आणि तो जाहीर करावा.