बाहुलीच्या आधीची गोष्ट

'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) मधल्या बाहुलीवर २०१४ साली 'अ‍ॅनाबेल' निघाला. पैसा रग्गड मिळाला, सिनेमा मात्र फुसका. त्यामुळे २०१७ मध्ये 'अ‍ॅनाबेल: क्रिएशन' आला, म्हणजे पूर्वकथेचीही पूर्वकथा, तेव्हा त्याच्याकडून आशा धरावी असं काही नव्हतं. पटकथाकारही तोच, गॅरी डॉबरमन. दिग्दर्शक तेवढा नवा: स्वीडनचा डेव्हिड सँडबर्ग, ज्याने बायकोला घेऊन घरातच 'लाइट्स आउट' हा छोटासा लघुपट केला होता. तरी सिनेमा जमला. आपल्याला असं वाटतं, की तो जमला तो त्यातल्या इतिहासामुळे.

गोष्ट अशी. १९४३ साली मलिन्स नावाच्या बाहुल्या घडवणाऱ्या कारागिराची लहान मुलगी मोटारीखाली जाते. आईबाप कुठल्याही शक्तीला हाक मारून तिला परत मागतात. जे येतं, ते मुलगी नसतं. बाहुली मात्र या अपघाताच्या आधीच घडलेली असते.

आता खरी बाहुली बघा. एड आणि लॉरेन वॉरन या दांपत्याच्या संग्रहातली 'अ‍ॅनाबेल' चिनी मातीची नव्हे, साधी कापडी 'रॅगडी अ‍ॅन' आहे. या बाहुलीचं पेटंट व्यंगचित्रकार जॉनी ग्रुएलने सप्टेंबर १९१५ मध्ये घेतलं. त्याच नोव्हेंबरात त्याची तेरा वर्षांची मुलगी मार्सेला गेली. शाळेत देवीची लस टोचल्यानंतर ती आजारी पडली होती आणि घरच्यांनी दोष लशीलाच दिला. पुढे लोकांनी कथा रचली, की मुलीच्या आठवणीत बापाने बाहुली केली. तारखा पाहिल्या तर ते उलटं आहे. पण लोकांना बाहुलीमागे मेलेलं मूल हवंच असतं! सिनेमाने नेमकी हीच नस पकडली. योगायोगाने असेल, पण पकडली.

(आपल्याकडे बाहुला म्हटलं की 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आठवतो. तो भलताच बडबड्या. अ‍ॅनाबेल तोंडच उघडत नाही, आणि आम्हाला तीच जास्त जड जाते.)

दुसरी गोष्ट काळाची. मुलगी गेल्यावर बारा वर्षांनी, म्हणजे १९५५ च्या सुमारास, एक नन अनाथ मुलींना घेऊन त्या घरात राहायला येते. त्यातली जॅनिस पोलिओ झालेली, पायाला पट्टे, हातात कुबडी. बाकीच्या पोरी अंगणात खेळतात, ही खिडकीतून बघते. जिन्यावर सरकत्या खुर्चीची सोय आहे, पण जीव वाचवायला ती खुर्चीत बसते तेव्हा खुर्ची साथ देत नाही. पहिल्या सिनेमात भीती दचकवण्यापुरती होती. इथे पळता न येणाऱ्या मुलीची आहे. आणि ती प्रत्येक अमेरिकन घराला ठाऊक होती: १९५२ मध्ये तिथे पोलिओचे जवळपास ५८ हजार रुग्ण नोंदले गेले. उन्हाळा आला की आईबाप मुलांना पोहायलासुद्धा पाठवत नसत.

१२ एप्रिल १९५५ ला साल्कची लस यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. देशभर आनंद झाला. जॅनिससारख्या मुलींना मात्र तिचा उपयोग नव्हता, त्यांचा आजार आधीच होऊन गेला होता.