जपलेल्या फिती, जपलेली यंत्रे

माळ्यावर मोडी लिपीतील जुने कागद असावेत, शाई अजून ठसठशीत असावी, परंतु घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नसावे, अशी स्थिती आपल्याकडील अनेक घराण्यांत आढळते. ठेवा असूनही नसल्यासारखाच! चंद्राच्या छायाचित्रांवरही एकदा हाच प्रसंग ओढवला होता. त्यांना वाचविले ते एका स्त्रीच्या चिकाटीने.

१९६६ व १९६७ या वर्षांत अमेरिकेने ‘ल्यूनर ऑर्बिटर’ नावाची पाच याने चंद्राकडे पाठविली. पुढे माणूस चंद्रावर उतरवावयाचा, तर त्यासाठी जागा हेरणे हे त्यांचे मुख्य काम. यानातच फिल्म धुतली जाई, चित्राचे रूपांतर संदेशलहरींत होई आणि पृथ्वीवर ते संदेश चुंबकीय फितींवर नोंदले जात. २३ ऑगस्ट १९६६ रोजी पहिल्या यानाने चंद्राच्या क्षितिजावरील आपल्या पृथ्वीचे छायाचित्र टिपले. त्या काळी छापलेल्या चित्रांत जे बारकावे उतरले नाहीत, ते फितींवर मात्र सुरक्षित होते.

पुढे सुमारे दीड हजार फितींचे काय करावे, हा प्रश्न १९८६ च्या सुमारास पॅसाडेना येथील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील नॅन्सी इव्हान्स यांच्यापुढे आला. त्यांनी त्या टाकू दिल्या नाहीत. एवढेच नव्हे, तर फिती वाचणारी ‘अँपेक्स एफआर-९००’ ही दुर्मिळ यंत्रे मिळवून ती अनेक वर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. यंत्रावाचून फीत मुकी, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

२००७ मध्ये डेनिस विंगो व कीथ काउइंग यांनी हे काम हाती घेतले. कॅलिफोर्नियातील एम्स केंद्राच्या आवारात, मॅकडोनाल्डच्या बंद पडलेल्या उपाहारगृहात, ती यंत्रे दुरुस्त झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये पृथ्वीचे ते छायाचित्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट रूपात जगापुढे आले. पुढे इतर फितींवरील चित्रेही संगणकात उतरविण्यात आली.

याउलट, १९६९ च्या अपोलो ११ मोहिमेच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये काढला. तेथे जपणारे कोणी भेटले नाही!

भगिनींनो, आपल्या कपाटांतही आजीच्या ओव्यांच्या, हळदीकुंकवाच्या गाण्यांच्या कॅसेट पडून असतील. त्या वाजविणारे यंत्र चालू आहे, तोवरच त्या नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात. नुसते जपणे पुरेसे नाही. ते पुढच्या पिढीला ऐकता आले पाहिजे.