हसू आणणारे विष

रानात एका रात्रीत उगवणाऱ्या अळंब्यांना आपण सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो. त्या हेटाळणीत थोडा इशाराही आहे. तो किती खरा, हे सांगणारी एक जुनी हकीकत लंडनमधली आहे.

साल १७९९, ऑक्टोबरची ३ तारीख. एक गृहस्थ सकाळी ग्रीन पार्कच्या हिरवळीवर गेला, अळंबी वेचून आणली आणि पीठ, मीठ, पाणी घालून लोखंडी भांड्यात शिजवली. नवराबायको आणि चार मुले न्याहारीला बसली. तासाभरात बापाच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले, मध्येच रंग चमकू लागले. मदत आणायला तो धडपडत बाहेर पडला. पण शंभरएक पावलांवर आपण कुठं निघालो नि कशाला, हेच विसरला!

इकडे आठ वर्षांचा मुलगा खदखदा हसत सुटला. आईबापांनी दटावले, धमकावले. हसू काही आवरेना. आपण सारे मरणार ही घरात भीती, आणि पोर हसतंय! त्या माउलीचे काय झाले असेल?

एव्हरार्ड ब्रँड नावाचा वैद्य आला. त्याने ओकारीची औषधे दिली, सारे वाचले. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या, मुलाची असंबद्ध उत्तरे आणि ते हसूसुद्धा त्याने विषाचे लक्षण म्हणून टिपले, आणि १८०० साली वैद्यकीय मासिकात छापले. जेम्स सॉवर्बी या चित्रकाराने आपल्या ग्रंथात त्या अळंब्यांची चित्रे दिली. चित्रातल्या टोकदार टोपीवरून पुढच्या अभ्यासकांना जात ओळखता आली. विषाचे नाव मात्र दीडशे वर्षांनी कळले. १९५८ मध्ये अल्बर्ट हॉफमन यांनी मेक्सिकोतल्या अळंबीतून सायलोसायबिन वेगळे केले. काही वर्षांनी तेच या युरोपीय जातीतही सापडले.

तेव्हा मंडळी, शिजवले की विष जाते, या भरवशावर राहू नका. त्या घरीही अळंबी शिजवलीच होती! खात्रीची ओळख नसेल तर अळंबी ताटात नको. आणि खाल्ल्यावर कुणी उगीच हसू लागले, तरी थट्टा न समजता उरलेली अळंबी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.